रिपोर्ट द्यायचा की नाही: कपाळावरच्या अवरक्त पट्टीचं एक प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागातलं आहे. तिथे यंत्र आणि त्याचे सिग्नल बघण्याचं काम माझ्याकडे होतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, व्यवसाय असे तपशील बदलले आहेत. घडलं ते तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

लोडशेडिंगच्या दिवसांत बॅटरीवर तळहात दाबून बोटं लालभडक झालेली आपण बहुतेकांनी पाहिली आहेत. निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं, लाल तेवढा पलीकडे येतो. लाल रंगाच्या टोकापासून पुढे, साधारण 650 ते 950 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, शरीर त्याहून पारदर्शक होतं. यातला बराचसा पट्टा डोळ्याला दिसतच नाही. त्याला निकट अवरक्त म्हणजे निअर-इन्फ्रारेड म्हणतात. हा प्रकाश कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूपर्यंत पोचतो आणि त्याच्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स यॉबसिस यांनी 1977 साली दाखवलं. करोनात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच कुळातला.

आमच्याकडे आली ती कपाळावर बांधायची पट्टी. तिच्यात 730 आणि 850 नॅनोमीटरचे एलईडी आणि त्यांच्यापासून तीन सेंटिमीटरवर प्रकाश टिपणारे डिटेक्टर. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन 730 ला जास्त प्रकाश खातं, ऑक्सिजन धरलेलं 850 ला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त रक्त धावतं. मग पडद्यावर ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनची लाल रेघ वर जाते, दुसऱ्याची निळी रेघ खाली येते आणि पाच-सहा सेकंदांत हा बदल भरात येतो. एमआरआयसारखा यंत्राचा खणखणाट नाही, बोगद्यात झोपावं लागत नाही, माणूस खुर्चीत बसून बोलू शकतो. म्हणूनच गॅम्बियातल्या केनेबा गावात आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगढ भागात तान्ह्या बाळांच्या मेंदूचा अभ्यास या तंत्राने झाला. एमआरआय तिथे नेणं शक्यच नव्हतं.

आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, उत्साह आला तो जपानच्या उदाहरणावरून. तिथे माणसाला एक अक्षर देतात आणि त्यावरून सुरू होणारे शब्द म्हणायला लावतात. वीस सेकंदांनी अक्षर बदलतं, अशी तीन अक्षरं, एकूण 60 सेकंद. शब्द आठवताना कपाळामागच्या मेंदूत रक्त वाढतं आणि नैराश्याच्या पेशंटमध्ये ही वाढ कमी दिसते, असा त्यामागचा आधार. जपान सरकारने 2009 साली या चाचणीला प्रगत वैद्यकीय तंत्र म्हणून मान्यता दिली आणि 2014 पासून ती तिथल्या आरोग्य विम्यात आली. निदान करण्यासाठी म्हणून नव्हे, निदानाला पूरक म्हणून. हा 'पूरक' शब्द पुढे आमच्या बैठकांमधून हळूहळू गळून पडला.

आम्ही मराठीत चाचणी बसवली. सुरुवातीला आणि शेवटी 'अ आ इ ई उ' सावकाश म्हणायचं, मध्ये 'क', 'प', 'म'. नीतिशास्त्र समितीची परवानगी संशोधनापुरती होती. पेशंट आणि निरोगी माणसं अशा दोन गटांची तुलना करायची, एवढंच तिच्यात लिहिलेलं होतं. पहिले तीन आठवडे आलेख इतके देखणे आले की विभागात आनंदीआनंद झाला. निरोगी माणसांचा डोंगर, पेशंटचं टेकाड. सरांनी निवासी डॉक्टरांना रिपोर्टचा नमुना तयार करायला सांगितला: वर रुग्णालयाचं नाव, मध्ये रंगीत आलेख, खाली दोन ओळींचा निष्कर्ष.

अडचण कुठे दिसली

निरोगी गटात मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. मी 'क' म्हटलं आणि त्या गप्पच झाल्या. वीस सेकंदांत एकही शब्द नाही. 'प' ला 'पाणी' म्हणाल्या आणि थांबल्या. शाळा दुसरीत सुटलेली, अक्षरावरून शब्द शोधण्याची सवयच नाही. पट्टी सोडताना म्हणाल्या, "कानशिलं तापली बघा माझी. अक्षरं कसली विचारता, भाज्या विचारा की!"

विचारल्या. पट्टी पुन्हा बांधून. मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू, घोळ, माठ, चंदनबटवा... मिनिटभर एकदाही न अडखळता म्हणत राहिल्या.

रात्री दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. भाज्यांच्या वेळी रेघ जेमतेम हललेली. 'क' च्या वेळी, एकही शब्द न बोलता, त्या आठवड्यातला सगळ्यात उंच डोंगर. निवासी डॉक्टरांचं म्हणणं होतं, यात नवल काय? भाज्या रोजच्या आहेत, त्यांना डोकं लागत नाही. अक्षराला लागलं. हे पटण्यासारखं होतं, आणि तिथेच थांबलो असतो तर प्रकरण झालंच नसतं. पण दोन गोष्टी मला खटकत होत्या. लाल रेघ 'क' ऐकल्यावर नव्हे, मी सूचना वाचत होतो तेव्हाच चढायला लागली होती. आणि लाल वर जाताना निळी खाली यायला हवी, ती जागची हललीच नव्हती.

मावशींनी उत्तर आपण होऊन दिलं होतं. कानशिलं तापली होती. लाज वाटली, धडधड वाढली, कपाळाच्या कातडीत रक्त चढलं. आमचा प्रकाश मेंदूकडे जाताना त्या कातडीतून जातो आणि परततानाही तिच्यातूनच येतो. तीन सेंटिमीटरच्या अंतरावर तो साधारण दीड सेंटिमीटर खोल उतरतो, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराला जेमतेम शिवतो. वाटेतला बहुतेक प्रवास कातडी आणि हाडातलाच.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या कपाळाला पट्टी बांधली. ना अक्षर, ना शब्द. 60 सेकंद दात आवळून धरले. डोंगर आला. निरोगी माणसाच्या नमुन्यात बेमालूम खपला असता असा.

पर्याय मांडले गेले ती बैठक

बैठक लवकर घ्यावी लागली, कारण मधल्या काळात एक जोडपं आलं. बाई चाळिशीच्या. चार-पाच महिने झाले, सकाळी उठवत नाही, स्वयंपाकात लक्ष नाही, रडू येतं. डॉक्टरांना निदानाबद्दल शंका नव्हती, औषधं सुरू झाली होती. संमती देऊन त्या अभ्यासात आल्या. पट्टी सोडत असताना नवरा पुढे आला. "साहेब, हा मेंदूचाच फोटो ना? म्हणजे खरंच काही आहे का नाटक आहे, ते यात दिसेल. घरी आई रोज तेच म्हणते, नाटकं करते म्हणून." बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. त्यांचा आलेख अगदी सपाट होता. पुस्तकात छापावा इतका.

बैठकीत सरांनी मांडलेली बाजू मी मनापासून सांगतो, कारण ती हलकी नव्हती. ते म्हणाले, "या बाईला आजार आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. आलेखही तेच म्हणतोय. हा कागद तिच्या हातात दिला तर उद्यापासून घरात तिला कुणी नाटकी म्हणणार नाही. वीस वर्षं मी नातेवाइकांना समजावतोय. मधुमेहाला साखरेचा आकडा असतो, माझ्याकडे दाखवायला काहीच नसतं." खोलीत कुणी काही बोललं नाही. मलाही तो कागद द्यावासा वाटला होता.

तेव्हा निवासी डॉक्टरांनी दुसरा आलेख टेबलावर ठेवला. वॉर्डातल्या एका तरुण मुलाचा. त्याच्याजवळ रात्रंदिवस कुणीतरी बसवावं लागत होतं, इतकी त्याची अवस्था नाजूक होती. त्याचा डोंगर कुठल्याही निरोगी माणसाला लाजवील असा. चाचणीभर त्याचे हात थरथरत होते, नाडी शंभरच्या वर. त्या म्हणाल्या, "सर, बाईंना हा कागद दिला तर यालाही द्यावा लागेल. याच्या वडिलांना काय सांगायचं?"

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. यंत्राच्या अचूकतेवर आम्ही तासभर बोलत होतो आणि कुणी कुणाला पटवू शकत नव्हतं. दोन माणसांचे दोन कागद शेजारी आले तेव्हा प्रश्न सरळ झाला.

पुढे चार वाटा समोर आल्या. रिपोर्ट थांबवायचे पण चाचणी तशीच चालू ठेवायची, गट मोठा झाला की गोंगाट, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेली मेंदूबाहेरची ढवळाढवळ, आपोआप वजा होईल. मी याला विरोध केला. गोंगाट कामाशी संबंध नसलेला असता तर सरासरीत विरला असता. हा नेमका चाचणीच्या वेळीच येतो, त्यामुळे सरासरीत तो आणखी ठसठशीत होतो. दुसरी वाट, मनातल्या मनात शब्द म्हणायला लावायचे, म्हणजे जबडा हलणार नाही. पण मग माणूस शब्द शोधतोय की छताकडे बघतोय हे कळणार कसं? आणि मावशींनी तर तोंडच उघडलं नव्हतं. तिसरी, यंत्र परत करून टाकायचं. चौथी, खर्चाची आणि उशिराची: जवळचे डिटेक्टर मागवायचे. एलईडीपासून साधारण आठ मिलिमीटरवर डिटेक्टर ठेवला तर प्रकाश मेंदूपर्यंत पोचतच नाही, फक्त कातडीतून फिरून येतो. त्याला दिसतं ते सगळं कातडीचं. ते लांबच्या डिटेक्टरच्या सिग्नलमधून वजा केलं की उरेल त्यात मेंदू शोधायचा.

आमची शंका जगाला नवी नव्हती, हेही त्याच आठवड्यात नीट वाचल्यावर समजलं. याच अक्षर-चाचणीत कपाळावरच्या सिग्नलचा मोठा भाग त्वचेतल्या रक्ताचा असतो, हे जपानमधल्याच संशोधकांनी 2011 साली दाखवलं होतं. 2009 च्या मान्यतेबद्दल आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. 2011 चं एकानेही नाही.

काय केलं

रिपोर्टचा नमुना त्याच दिवशी बंद झाला. सरांनी स्वतः केला आणि समितीलाही कळवलं. नवीन पेशंट घेणं थांबवलं. डिटेक्टर यायला चार महिने लागणार होते, तोवर हातातल्या वस्तूंनी जे तपासता येईल ते तपासायचं ठरलं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते क्रेप बँडेजने. अपघात विभागात असतं तेच, लवचीक. विभागातल्याच सहा जणांवर चाचणी दोनदा घेतली, एकदा नेहमीसारखी आणि एकदा पट्टीवरून बँडेज घट्ट आवळून. बँडेजने कातडीतलं रक्त दबतं. कवटीच्या आतल्या रक्ताला त्याचा पत्ताही लागत नाही. डोंगर मेंदूचा असता तर तो जागचा हलायला नको होता. सहापैकी पाच जणांचा खचला.

मग श्वास रोखून, दात आवळून, नुसतंच खाली वाकून. प्रत्येक वेळी काही ना काही चढलं. एप्रिल महिना होता. पंखा बंद ठेवून घेतलेल्या चाचणीत रेघ सुरुवातीपासूनच वर सरकत राहिली, कारण उकाड्यात कातडीच्या रक्तवाहिन्या आपोआप सैल होतात. खिडकीतून येणारं ऊन थेट डिटेक्टरवर पडत होतं. पट्टीवरून काळं कापड बांधल्यावर तो त्रास संपला.

कपाळाचेही प्रश्न निघाले, आणि ते परदेशी माहितीपुस्तिकेत कुठून असणार? एका वारकरी काकांच्या कपाळावर बुक्का होता. काळी भुकटी, मधल्या चॅनेलचा (एलईडी आणि डिटेक्टरच्या एका जोडीला चॅनेल म्हणतात) प्रकाश तिने जवळजवळ गिळलाच. त्यांना पुसायला कसं सांगायचं, यावर आम्ही अवघडून उभे. समाजसेविका ताई म्हणाल्या, "काका, आत्ता जरा पुसू या, झालं की आपल्या हाताने परत लावा." त्यांनी बुक्क्याची डबी खिशातूनच काढून दाखवली. तेव्हापासून खोलीत ओला रुमाल, आरसा, कुंकू आणि टिकल्यांचं पाकीट ठेवलेलं असतं. भांगाला लावलेलं तेल कपाळावर ओघळलं की पट्टी सरकते, त्यासाठी स्पिरिटचा बोळा. प्रत्येक चॅनेलमध्ये हृदयाचा ठोका, सेकंदाला साधारण एक, स्पष्ट दिसतोय का हे आधी बघायचं. ठोका दिसत नसेल तर डिटेक्टर कातडीला नीट टेकलेलाच नाही.

औषधांच्या नोंदी काढल्या तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. पेशंट गटातल्या अनेकांना धडधड कमी करायला प्रोप्रॅनोलॉल दिलेलं होतं. निरोगी गटात अर्थातच कुणालाच नाही. नाडी आणि रक्तवाहिन्या यांच्यावरच काम करणारं औषध एका गटात आहे आणि दुसऱ्यात नाही, आणि आम्ही दोघांची तुलना रक्ताच्या रेघेवरून करत होतो.

जवळचे डिटेक्टर आल्यावर चाचणी नव्याने बसवली. अक्षरांबरोबर भाज्या, प्राणी, नात्यांची नावं असे प्रकारही घेतले, म्हणजे शाळा कमी झालेल्या माणसाला लाज वाटू नये. बोललेले शब्द ध्वनिमुद्रित करून मोजले. आणि लाल रेघेइतकंच वजन निळ्या रेघेला द्यायचं ठरवलं, कारण कातडीची ढवळाढवळ तिच्यात कमी असते.

काय निष्पन्न झालं

कातडीचा भाग वजा केल्यावर बहुतेकांचा डोंगर बराच बसला. सगळा गेला नाही. काही जणांत एक लहानसा उंचवटा राहिला, त्याच्याखाली निळ्या रेघेचा तितकाच लहान खळगा, आणि तो सूचना वाचताना नव्हे, शब्द शोधायला लागल्यावर काही सेकंदांनी येणारा. तो पाहिला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. आधीच्या देखण्या डोंगरांपेक्षा हा कितीतरी खरा होता.

पेशंट आणि निरोगी यांच्यातला फरक मात्र इतका आक्रसला की एकेका माणसाबद्दल त्यावरून काही म्हणणं शक्य राहिलं नाही. आधीचा फरक कशाचा होता, याचा अंदाज शब्दांच्या मोजणीतून आला. नैराश्यातला माणूस कमी शब्द बोलतो, हळू बोलतो, जबडा कमी हलवतो, चाचणीने फारसा उत्तेजित होत नाही. कातडीला ते सगळं समजतं. पेशंटचं टेकाड बऱ्याच अंशी यातून तयार झालं होतं. तेवढंच कळायला घड्याळ आणि कागद-पेन्सिलही पुरली असती.

त्या बाईंच्या नवऱ्याला कागद दिला नाही. सरांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं आणि जवळजवळ पाऊण तास बोलले. पट्टीत काय दिसतं आणि काय दिसत नाही हेही सांगितलं, आणि आजार आहे हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय, यंत्र नाही, असंही. नवऱ्याचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या खेपेला तो आपल्या आईला घेऊन आला आणि सरांनी तेच सगळं पुन्हा, तितक्याच सावकाश सांगितलं. बाईंना औषधांनी हळूहळू उतार पडला.

अभ्यासाचा उद्देशही बदलला. निदानाचा नाद सोडून आम्ही आता एकाच माणसाचा उपचाराआधीचा आणि नंतरचा सिग्नल बघतो, आणि गटाबद्दलच बोलतो. नवीन प्रस्ताव बहिऱ्या मुलांबद्दलचा आहे. ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवतात त्या यंत्रात, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, लोहचुंबक असतो, त्यामुळे ती मुलं एमआरआयमध्ये सहजासहजी जाऊ शकत नाहीत. प्रकाशाला त्या चुंबकाची अडचण नाही, आणि मूल ऐकतंय की नाही हे त्याच्या मेंदूकडून समजण्याची वाट खुली होते. हे तंत्र जिथे खरंच उपयोगी आहे तिथे ते वापरलं जावं, अशी माझी फार इच्छा आहे. कपाळावरच्या घाईने त्याची पत जाऊ नये, म्हणूनही हे सगळं लिहावंसं वाटलं.

पुन्हा करायचं झालं तर

जवळचे डिटेक्टर यंत्राबरोबरच मागवू. खरेदीच्या वेळी ते 'जादा सोयी' या रकान्यात होते आणि पैसे वाचवायला आम्ही तो रकाना खोडला होता. दात आवळण्याची आणि बँडेजची चाचणी पहिला पेशंट घेण्याआधी, आपल्याच माणसांवर करू. दोन दिवसांचं काम होतं ते.

मावशींचा आलेख मी आधी 'सहकार्य नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवला होता. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता, शब्द बोलल्याच नव्हत्या त्या. रात्री सहज पुन्हा उघडला म्हणून पुढचं घडलं. आता वगळलेल्या प्रत्येक आलेखाची वेगळी फाइल असते आणि महिन्यातून एकदा आम्ही सगळे मिळून ती बघतो.

रिपोर्टच्या नमुन्याबद्दल मी त्या पहिल्या तीन आठवड्यांतच बोलायला हवं होतं. निळी रेघ हलत नाही हे मला आधीच्या काही आलेखांतही दिसलं होतं. सगळे खूश होते, म्हणून गप्प बसलो.

संमतिपत्रही बदललं. पूर्वी त्यात 'मेंदूचं कार्य मोजणारी तपासणी' एवढंच होतं आणि नवऱ्याने त्याचा 'मेंदूचा फोटो' असा अर्थ काढला यात त्याची चूक नव्हती. आता पहिलंच वाक्य असं आहे: 'या तपासणीवरून तुम्हाला आजार आहे की नाही, हे सांगता येत नाही.' ताई ते पेशंटला आणि सोबत आलेल्या माणसालाही मोठ्याने वाचून दाखवतात. दोघांनी मान हलवली की मगच पट्टी बांधायला घेतो.